सोलीजान उस्तादांचा वस्तरा

कोकंदच्या जुन्या बाजारात ज्या न्हाव्याला उस्तादाची दुआ मिळालेली नाही, त्याच्यापुढे कुणी डोकं वाकवत नाही. एर्गशअलीनं उभी हयात बस चालवली. बस भंगारात गेली तेव्हा पंचेचाळिशीत त्यानं वस्तरा हाती धरला. बाजारानं त्याची यथेच्छ टर उडवली, पण गडी हट्टाला पेटलेला होता.

दुआची रीत ऐकायला सोपी. उस्ताद आपला वापरलेला वस्तरा देतो, तो शागिर्दानं पाजवायचा आणि त्यानंच उस्तादाचं डोकं भादरायचं. एर्गशनं सोलीजान उस्तादांचा वस्तरा बारीक दगडावर घासला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. मनगटावरचे केस उडाले तसा तो हुरळला. उस्तादांच्या डोक्यावर मात्र वस्तरा अडला.

"भादरतोयस की कोंबडीची पिसं उपटतोयस?" उस्ताद म्हणाले.

समोर तंदुरातले सामसे, म्हणजे मांसाचे समोसे, विकणारा रहमत म्हणाला, "ब्रेक लावतोय, उस्ताद. जुनी सवय आहे."

एर्गश मान खाली घालून घरी गेला. पात्याच्या कडेला दिव्याची काजळी फासून त्यानं ते दगडावरून एकदा ओढलं. काजळी टाचेशी, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, पुसली गेली, मध्ये आणि पुढच्या टोकाशी तशीच राहिली. म्हणजे दगड धारेपर्यंत पोचतच नव्हता. नुसतं घासून पुसून काय होणार? जुनी धार पुरती मारून नवा उतार धरायला हवा होता.

उस्तादांनी जन्मभर सांभाळलेली धार होती ती. एर्गशच्या जिवावर आलं. तरी बाटलीच्या बुडावर घासून त्यानं ती बोथट केली आणि जाड दगड भिजवला. पातं आडवं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, हातावर जोर नाही, जेवढं या बाजूनं तेवढंच त्या बाजूनं. हदीचा, त्याची बायको, पुलाव निवतोय म्हणून हाका मारून दमली. पुलाव निवला. शेवटी टाचेपासून टोकापर्यंतची काजळी एकाच ओढीत गेली, तेव्हा कुठे त्यानं बारीक दगड आणि पट्टा घेतला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांचं डोकं झालं आणि वस्तरा कुठे अडला नाही. उस्तादांनी टाळूवरून तळहात फिरवला, वस्तरा मागून घेतला आणि सवयीनं स्वतःच्या हातावर ओढला. कातडीवर लाल रेघ उमटली.

"मी टाचेवर जोर देत आलो," ते म्हणाले. "वस्तराही तसाच झिजला, म्हणून मला कधी कळलं नाही. आता तो सरळ झालाय, माझा हात मात्र तसाच राहिला."

एर्गशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुन्हा होता तसा करून देतो, उस्ताद."

"सरळ धार वाकडी करशील तर माझा शागिर्द नाहीस."

त्यांनी दुआ द्यायला दोन्ही तळवे वर केले. रहमतनं सामशांचं तबक खाली ठेवून हात वर केले. ज्या शब्दांसाठी एर्गशनं एवढी हेटाळणी सोसली, ते ऐकताना त्याला मान वर करवेना.

उस्तादांनी वस्तरा मिटला आणि एर्गशच्या खिशात ठेवला. त्यानंतर त्यांनी कुणाचं डोकं केलं नाही.