वहिनीने वाकवलेले दिवे

दादाचा फोन आला तेव्हा मी कल्याणला घरी मेथी निवडत बसले होते. माझा भाऊ फोनवर एकदम मुद्द्यावर कधी येत नाही. आधी पोरांची चौकशी, मग भाताचं, मग गुरांचं. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "शोभे, तुझी वहिनी गेली." दुपारी जेवून जरा आडवी झाली होती, छातीत कळ आली आणि मुरबाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मिळेल त्या जीपने मुरबाड आणि तिथून धसईची एसटी असं करत मी माहेरी पोचले... आता त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारे अजून तिला 'आमच्या सरपंचबाई' म्हणतात. खरं तर ती एकदाच सरपंच झाली. आणि त्या काळात तिने केलेलं जे काम मला सगळ्यात मोठं वाटतं, त्याच कामापायी ती पुढची निवडणूक हरली. ते कुठेतरी लिहिलं जावं, म्हणून हा लेख.

मंदावहिनी डोळखांबकडची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते. आमचं घर तळ्याच्या अंगाला. तळ्याच्या बांधावर जुने वड आणि चिंचा, आणि त्यांच्यावर शेकड्यांनी मोठाली वाघळं उलटी लटकलेली. आम्हाला त्यांचा कलकलाट आणि वास तेवढा माहीत. नवी नवरी घाबरेल म्हणून दादा मुद्दाम तिला बांधावर घेऊन गेला, तर ही वर बघून हसली. म्हणाली, "आमच्या रानात मोह कोण लावतं, ठाव हाय का? हीच लावतात. फळ खातात नि बी लांब नेऊन टाकतात." दादाचा बेत फसला. पुढे कितीतरी वर्षं तो तिला चिडवायचा, की बायकोला सासरपेक्षा वाघळंच जास्त आवडली.

तळ्यापलीकडे वाडी आहे. स्वतःची जमीन नसलेली माणसं, पावसाळ्यात आमच्याकडे लावणीला यायची, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. त्यातले गोविंद आणि त्याची बायको पार्वती आमच्या घरातलेच झाले होते. एका आवणात, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, दिवस मावळून गेल्यावर पार्वती बांधावरून घरी निघाली आणि अंधारात घोणशीवर पाय पडला. जीप मिळायला वेळ लागला. मुरबाडपर्यंत तिचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं, आणि वाटेतच ती गेली. वहिनी बरेच दिवस जेवणावरून अर्धवट उठायची.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि गावातल्या जाणत्यांनी वहिनीला उभं केलं. त्यांचा हिशोब सरळ होता, बाई सही करील आणि कारभार दादा बघील. ती निवडून आली आणि पहिल्याच दिवशी दादाला म्हणाली, "सही मी करीन, पण वाचून करीन." मग तिने एकच ध्यास घेतला, बांधावर लाईट. एसटीने मुरबाडला पंचायत समितीत जायचं, साहेब नसले तर बाकावर बसून राहायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. शेवटी लाईट आली! उंच लोखंडी खांब आणि वर दोन दणदणीत हॅलोजन. सगळं तळं पांढरंफेक झालं. नारळ तिने गोविंदच्या हातून फोडून घेतला. पोरं त्या उजेडात व्हॉलीबॉल खेळायला लागली, वाडीतल्या बायका निर्धास्त येऊ-जाऊ लागल्या. वहिनीला मी इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी माहेरी गेले, तर रोज सकाळी चिंचांखाली वाघळांची पिल्लं पडलेली असायची. कुणी म्हणे उन्हाचा कडाका, कुणी म्हणे गावावर काहीतरी येणार. एक पिल्लू वहिनीने जुन्या फडक्यात उचललं. नुसती हाडं. "आईचंच पोट भरलं नाय, तर ती याला काय पाजणार?" ती म्हणाली. पूर्वी तिन्हीसांजेला वाघळं रांगेने डोंगराकडे निघायची. आता ती झाडावरच चिरकत बसायची, दोन फेऱ्या मारून परत लटकायची, निघायची ती फार उशिरा. कितीतरी वाघळं झाडं सोडूनच गेली होती. असं का, ते कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी भारनियमनात खांबावरची लाईट गेली. अंधार पडायला लागला आणि समोरून वाघळांची रांग उठली... अगदी पूर्वीसारखी, एकामागून एक, आमच्या घरावरून डोंगराच्या दिशेने. वहिनी पायरीवर बसून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "शोभा, ही लाईट मीच आणली गो."

मला वाटलं, विषय तिथेच संपेल. जिच्यासाठी एवढे खेटे घातले ती लाईट कोण काढील? पण तिने ग्रामसभेत विषय घेतला. मी तेव्हा कल्याणला होते, पुढचं दादाने मला नंतर सांगितलं. सभेत मागून एकाने विचारलं, "सरपंचबाई, वाघळांना मत हाय का?" सगळी सभा हसली. वहिनीही हसली. मग गोविंद उभा राहिला. तो हसत नव्हता.

"माझी बायको अंधारात गेली," तो म्हणाला. "तुमी परत अंधार करताय?"

वहिनीने त्याच्याकडे बघून उत्तर दिलं, "अंधार नाय करायचा, गोविंददादा. उजेड वर झाडात जातो, तो खाली पायाशी आणायचा. आधी करून बघू. तुमी माझ्यासंगं बांधावरून चाला. नाय पटलं तर मोठी लाईट पुन्यांदा लावू. माझा शब्द."

वायरमनच्या मागे लागून तिने बांधाच्या कडेने कमरेएवढे खांब पुरून घेतले. त्यांवर पिवळे बल्ब. धसईच्या बाजारातल्या पत्रेवाल्याकडून प्रत्येक बल्बाला टोपी करून घेतली, उजेड फक्त खाली पडावा अशी. हॅलोजन बंद केले, आणि ठरल्याप्रमाणे संध्याकाळी गोविंद आणि ती बांधावरून चालत गेली. दादा मागे होता. वाडीशी पोचल्यावर गोविंद थांबला. मागे वळून बांधाकडे बघत म्हणाला, "मोठ्या लाईटीत डोळं दिपायचं. पायापुढं माझीच सावली पडायची, तिच्यात काय हाय ते दिसायचं नाय. आता दिसतंय." एवढं बोलून तो घरात गेला. दादा सांगतो, वहिनी तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

गोविंदला पटलं, पण गावाला पटलं नाही. व्हॉलीबॉल बंद पडला होता. शेजारच्या गावांत उंच खांब झगमगत होते आणि आमच्याकडे 'टोपीवाले बल्ब'. पुढच्या निवडणुकीत 'गावाची लाईट काढणारी बाई' म्हणून प्रचार झाला आणि ती पडली. आमच्या भावकीतलीही मतं विरोधात गेली. मी भेटायला गेले तेव्हा भाकऱ्या थापत म्हणाली, "वाईट वाटतं गो. खोटं कशाला बोलू?" एवढंच. नव्या मंडळींनी हॅलोजन पुन्हा सुरू करायचं काढलं, तेव्हा मात्र वाडीतल्या बायका गोविंदला पुढे करून ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या. "आमाला हीच बरी," म्हणाल्या. उंच खांब गंजत राहिला. दुसऱ्या वर्षी वडावर थोडी वाघळं परतली, पुढे आणखी. चिंचा मात्र रिकाम्याच राहिल्या.

नंतरच्या वर्षांत मुरबाडच्या बाजूचं आभाळ रात्री तांबूस दिसायला लागलं आणि तळ्याकडच्या शेतांत फार्महाऊस उठले. वहिनी प्रत्येक नव्या फाटकाशी जायची आणि दिवे खाली वाकवा म्हणून सांगायची. एकाने ऐकलं. एकाने वॉचमनकरवी तिला बाहेर काढलं. ती दिवाळीनंतर पुन्हा गेली, फराळाचं ताट घेऊन...

तिच्या तेराव्याला जेवणं उरकली तरी जवळचे नातेवाईक थांबले होते. संध्याकाळ व्हायला लागली तशी कुणीतरी मांडवातल्या ट्यूबलाईट लावल्या. दादा इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता. तो उठला, मांडवातली लाईट घालवली, मग पडवीतली, मग ओटीवरचीही. पाहुणे चमकले. आमची मावशी म्हणाली, "अरे, तिन्हीसांजेचं घरात असा काळोख?"

"रोज असाच असतो, मावशी," दादा म्हणाला. "वाघळं गेल्याशिवाय मंदा बटणाला हात लावू द्यायची नाय."

मग आम्ही सगळे काळोखात बसून राहिलो. कुणी वहिनीचं काहीबाही आठवून बोलत होतं. थोड्या वेळाने वडाकडून फडफड ऐकू आली. पहिलं वाघूळ घरावरून गेलं, मग दुसरं, मग रांगच लागली. दादा मांडवाबाहेर जाऊन मान वर करून उभा होता. शेवटचं डोंगराकडे दिसेनासं झालं, तसा तो आत आला आणि म्हणाला, "शोभे, लाव आता लाईट."