रऊफ सरांची 'नकली' पुस्तकं

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे आठच वाजले होते, पण ऊन दुपारचं होतं. बाळापूरचे निवृत्त उर्दू शिक्षक रऊफ सर आपली पुस्तकं गावच्या वाचनालयाला देणार होते. ती लावून द्यायला त्यांनी पुण्याहून मला, एका ग्रंथपालबाईला, बोलावलं होतं.

बाळापुरात मी एक थांबा आधीच उतरले. डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेल्या सुशीलाबाई भेटल्या. त्यांना रऊफ सरांचं घर विचारलं. "सरायकडे चालल्या का? मंग चाला, मी त्यायलेच वांगे द्याले चालली."

सरांच्या खोलीत दोन कपाटं होती. एकावर पाटी 'नकली', दुसऱ्यावर 'अकली'. पुस्तकं मात्र सगळी जमिनीवर.

"सर, लोकायले नकली पुस्तकं देऊन राहिले का तुमी?" सुशीलाबाईंनी विचारलं. सर ठसका लागेपर्यंत हसले.

मग त्यांनी समजावलं. नकली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऐकून पुढे दिलेलं ज्ञान: कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं), धर्मकायदा. अकली म्हणजे माणसानं अकलेनं मिळवलेलं: गणित, तर्क, वैद्यक. जुन्या विद्वानांनी केलेली वाटणी.

"नव्या विद्वानायले ते वाटणी पुरी मंजूर नाही," चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी शाहीन म्हणाली. ती अकोल्यात भौतिकशास्त्र शिकवते. "वाटणी केली अन् अकलीच्या कपाटाकडे आपण पाठ फिरवली. इल्म (ज्ञान) एकच आहे, अब्बा."

"पाट्या काढल्या, तर पुस्तकं वाचनालयात जाणार नाहीत," सर म्हणाले. बापलेकीचा हा वाद आठवडाभर चालला होता.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, तेवढ्यापुरते दोघे एकत्र हसले.

जेवण झाल्यावर मी एक पुस्तक उचललं. किबला (नमाजाची दिशा) काढण्याची भूमिती.

"नमाजाचं आहे. नकली," सर म्हणाले.

"त्रिकोण आहेत. अकली," शाहीन म्हणाली.

मी पान उलटलं. समासात निळ्या शाईनं वेडावाकडा त्रिकोण काढलेला. शाहीन लाजली. "हा मीच काढला होता, सातवीत. केवढे रागावले होते तुमी!" मग ती वाकली. त्रिकोणाखाली लाल शाईत बारीक उर्दू अक्षरं होती. तिनं वाचलं, "सही." म्हणजे बरोबर.

"हे कधी लिहिलं?"

"दुसऱ्या दिवशी. ताडून पाह्यलं. तुयं बरोबर होतं."

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

सर चष्मा पुसत राहिले. "रागावून बसलो होतो ना. मंग कसं सांगू?"

शाहीननं डोळे टिपले आणि पुस्तक नकलीच्या कपाटात ठेवलं. "हे मले तुमच्याकडून आलं, अब्बा."

सर उठले आणि त्यांनी ते बाहेर काढलं. "पागल हायेस का, बेटा? अक्कल तर तुयी होती!" पुस्तक अकलीत गेलं. तिनं पुन्हा काढलं. आता दोघं उलट बाजूंनी भांडू लागले.

शेवटी पाट्या राहिल्या. पण दोन्ही कपाटांच्या मध्ये मी एक उघडी फळी टाकली, बिनपाटीची. संध्याकाळपर्यंत तीच सगळ्यात जास्त भरली.

परतीच्या गाडीत विचार करत बसले. तीस वर्षं मी पुस्तकांवर क्रमांक घालत आले. पुस्तक कशाबद्दल आहे, एवढंच विचारत आले. ते कुणाकडून कुणाकडे आलं, हे विचारायला मला बाळापूरला जावं लागलं.