सुईणआईची मातीची माणसं

मूर्ती समोर आली की लोक हात जोडतात. आमची सुईणआई आधी खाली वाकून मूर्तीच्या कमरेकडे बघायची, मग पोटाकडे, मग मांडीवरच्या बाळाच्या मानेकडे. "मान धरली नाय नीट," असं म्हणायची, नाहीतर "ही चार दिसांची बाळंतीन नाय वाटत, हिला सव्वा म्हयना झाला असंल." एवढं झाल्यावर हात जोडायची. देवीला इतकं तपासून मग नमस्कार करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी लग्न होऊन कर्जतजवळच्या दहिवलीत आले, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली असेल. जातीने न्हावीण. बुटकी, सावळी, हात मात्र लहान मुलीसारखे छोटे. त्या हातांनी उल्हास नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतली निम्मी माणसं जगात आणली होती. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. तिला एक नाद होता, जन्माचे देखावे जमवायचा. कृष्णजन्माचे, रामजन्माचे आणि किरिस्ताव लोक नाताळात गोठ्यातला जन्म मांडतात, तेसुद्धा. या नादापायी तिचं सुईणपण जायची वेळ आली, आणि शेवटी तिने सुईणपण ठेवलं की नाद ठेवला, हे माझ्याच घराच्या दारात ठरलं. ते लिहायचं म्हणून बसले आहे, पण आधी ती कशी होती ते सांगते.

आमच्याकडे गोकुळाष्टमीला पाटावर मातीचं गोकुळ मांडतात. वसुदेव-देवकी, नंद-यशोदा, गाई, गवळणी. काल्याच्या दिवशी सगळं नदीत सोडायचं. सुईणआई त्या सकाळी घरोघरी हजर. "येक देवकी द्या मला, बाकीचं न्या नदीला," असं म्हणून पदर पसरायची. विसर्जनाची मूर्ती घरात ठेवू नये हे तिलाही ठाऊक होतं, आणि देणारीलाही. पण जिने आपली नाळ कापली आणि आपल्या लेकरांचीही, तिला नाही कोण म्हणणार? घरी घासलेटच्या रिकाम्या खोक्यांत भाताचं तूस भरून त्यात तिने या देवक्या एकीशेजारी एक निजवून ठेवलेल्या होत्या.

किरिस्तावांचा गोठा तिच्याकडे आला तो रेल्वेमुळे. घाट चढायला गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्यामुळे स्टेशनाशेजारी ड्रायव्हर लोकांची वस्ती होती. त्यातल्या एका गोवेकर ड्रायव्हरची बायको अडली आणि सुईणआईने तिला सोडवलं. त्या बाईने पुढच्या नाताळात नवा देखावा आणला आणि जुना हिला देऊन टाकला. मेंढपाळाचा हात मोडलेला, गाढवाला एकच कान. सुईणआईने एकेक मूर्ती हातात घेऊन कोण, कुठली, सगळं विचारून घेतलं. नंतर मला सांगत होती, "नवरा सुतार. परगावात गेली, कोनी जागा देईना. गोठ्यात बाळंत झाली बिचारी. आपल्या वाडीवरच्या बायांचं काय येगळं असतं?" एका गोष्टीचा मात्र तिला मनापासून राग होता. "राजे आले, मेंढरं आली, वरून देवदूत आला. आन सुईन कुठं हाय? नाळ कोनी कापली, त्या गाढवानं?" हा प्रश्न तिने त्या ड्रायव्हरच्या बायकोलाही विचारला होता, आणि पुढे वसईच्या एका पाद्र्यालाही. पाद्री म्हणे बराच वेळ हसला आणि ग्रंथात तसं काही दिलेलं नाही म्हणाला. "बाप्यांनी लिवल्यावर कसं असंल?" ही म्हणाली.

तिचा मुलगा रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होता. वर्षातून एकदोनदा त्याच्या पासावर ती प्रवासाला निघायची. लोक पासावर काशीला जायचे, ही वसईला नाहीतर पुण्याच्या लष्कर भागात जायची. तिथे नाताळात दारोदारी गोठे मांडतात, ते बघत हिंडायची. खोपोलीवरून बैलगाडीने पेणला जाऊन कुंभारांशी वाद घालायची. रामजन्माच्या देखाव्यातली कौसल्या एवढी सडपातळ कशी, असं तिने एका म्हाताऱ्या कुंभाराला विचारलं. तो म्हणाला, "बाय, पोट सुटलेली कौसल्या कोन घेईल गं?" "मी घेईन. कर." त्याने केली. पोट सैल, डोळे जड, उशीला टेकलेली कौसल्या. मी ती पाहिली आहे. देवघरात शोभली नसती, पण तिच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की हिला आता कुणी त्रास देऊ नका, झोपू द्या.

माझे यजमान शाळामास्तर. मुंबईचा अजबखाना मला दाखवायचा असं त्यांनी ठरवलं, तेव्हा सुईणआईनेही गाठोडं बांधलं. तिथे ती आधी दोनदा जाऊन आलेली होती. आत शिरल्यावर हे प्रत्येक वस्तूपुढे थांबून चिठ्ठी वाचायचे आणि आम्हाला अर्थ सांगायचे. कुठल्या राजाच्या वेळचं, कुठे सापडलं. सुईणआईने मला कोपराने ढोसलं. "मास्तर चिठ्ठी वाचत्यात. तुमी बाय बघा." मग तिने मला एका काळ्या दगडाच्या मूर्तीपुढे नेलं. एक बाई आडवी झालेली, कुशीत मूल, आणि पायाशी एक दासी तिचे पाय चेपतेय. सुईणआईचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस भेटलं. "ही बघा! कामाची बाय! निदान पाय तरी चेपती." बोलता बोलता तिने त्या दगडी बाईच्या पोटरीवर अंगठा दाबून पाहिला. शिपाई धावत आला, हात लावायचा नाही म्हणून ओरडला. ती त्याला शांतपणे म्हणाली, "बाळंतिनीला हात न लावता कसं कळायचं रं?" यजमान लाजेने लाल झाले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मूर्ती दिसली. तोवर मी नुसते देव पाहत होते.

पुढच्या श्रावणात ते प्रकरण झालं. तिचं घर गळायचं. खोक्यांत पाणी शिरून गोकुळातली जी देवकी ती दरवर्षी मधोमध मांडायची, तिचा गाळ झाला. बाकीच्या देवक्या होत्या की! पण तिला त्या सगळ्या नटूनथटून बसलेल्या वाटल्या. पेणची कौसल्या उशीला टेकून निजलेली, तिला उठवायची नव्हती. तिने काय करावं? ड्रायव्हरच्या बायकोने दिलेली ती गुडघे टेकलेली निळ्या पदराची आई उचलली आणि देवकी म्हणून पाटावर मांडली. गळ्यात काळी पोत घातली. आळीतल्या बायका काल्याच्या सकाळी आल्या, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ-सुपारीने ओटी भरली, सुंठवडा खाल्ला. यंदाची देवकी किती शांत आहे, असंही म्हणाल्या. नेमकी त्यांच्यातली एक जण स्टेशनाजवळ भांडी घासायला जायची. तिने निळा पदर ओळखला.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. बायका घरी जाऊन डोक्यावरून न्हाल्या. मारुतीच्या देवळात चार म्हातारे बसले आणि सुईणआईला बोलावलं. तू असं का केलंस, तर ती म्हणाली, "त्या समद्यांत हीच येक दमल्याली दिसती. बाळंतीन हाय ती. बाळंतिनीची ओटी भरली, त्यात काय बाटलं?" यावर म्हातारे आणखीच चिडले. ती खोकी नदीत रिकामी करेपर्यंत हिला कुणी घरात घ्यायचं नाही, असं ठरलं. "माजं चुकलं असतं तर बुडवली असती," एवढं बोलून ती उठून आली.

श्रावणापासून कार्तिकापर्यंत तिला एकही बोलावणं आलं नाही. अडलेल्यांसाठी लोक शेलूहून दुसरी सुईण गाडीत घालून आणायचे. सुईणआई दारात बसून असायची. मला तेव्हा दिवस गेलेले होते. नदीवर जाताना मी मुद्दाम तिच्या दारावरून जायची. ती लांबूनच माझी चाल बघायची आणि सांगायची, "जड उचलू नका वैनी. पोर अजून वर हाय." सासूबाईंना हे कळलं तेव्हा माझं नदीवर जाणं बंद झालं.

मार्गशीर्षात माझे दिवस भरले. एक पूर्ण दिवस आणि रात्र गेली, पण सुटका होईना. शेलूची सुईण सकाळी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, पोर आडवं आहे, माझ्याने होत नाही. यजमान कुणाला न विचारता धावत गेले आणि सुईणआईला घेऊन आले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"आधी ती खोकी नदीत रिकामी कर. मग आत ये."

हे "आई..." एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचं हे गप्प होणं मी मनातून कधी माफ केलेलं नाही.

सुईणआईने वाद घातला नाही. फक्त विचारलं, "कवापासनं दुखतंय?"

"कालच्या सकाळपासून."

मग तिची पावलं लांब गेलेली ऐकू आली. मला वाटलं, रागावून गेली. जाऊ दे, तिचा हक्कच आहे. माझी आता आशा नाही, असंही वाटलं.

पुढचं मला पाचवीच्या दिवशी परटीण येऊन सांगून गेली, तिने घाटावरून डोळ्यांनी पाहिलेलं. सुईणआई आणि तिची सून, दोघी खोकी घेऊन नदीवर आल्या. देवक्या पाण्यात टाकल्या, त्या लगेच विरघळल्या. गोठ्यातली रंगीत माणसं भाजलेली होती, ती तशीच तळाला दिसत राहिली. मग ती पाण्यात उतरली आणि एकेक वर काढून दगडावर फोडली. पेणची कौसल्याही तिथेच गेली. एक लाकडाचं मेंढरू होतं, ते तरंगत धारेला लागलं. "येकीकडंबी वळून बघितलं नाय वो तिनं," परटीण म्हणाली. "नुसती घाई. जशी काय चूल पेटती टाकून आली व्हती."

ती परत आली तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. पुन्हा काही जमवणार नाही असा शब्द घेऊन सासूबाईंनी तिच्या हातांवर ऊन पाणी घातलं. ती माझ्याजवळ बसली, आणि एरवी मला 'वैनी' आणि 'तुमी' म्हणणारी ती म्हणाली, "पोरी, माझ्याकडं बघ आता. दुसरीकडं कुठं बघू नको." तिने पोटावरून ते मूल कसं फिरवलं, किती वेळ फिरवलं, मला सांगता येणार नाही. दुपारच्या मेलने घाटाखाली शिटी दिली तेव्हा माझी मुलगी रडत होती. सुईणआईने तिची मान तळहातावर तोलून धरली. "ब्येस हाय," म्हणाली, आणि नाळ कापली.

त्यानंतर तिला पुन्हा बोलावणी येऊ लागली. ज्या म्हाताऱ्यांनी तिला बंदी केली, त्यांच्याही नातवंडांच्या नाळा तिनेच कापल्या. काल्याच्या सकाळी मात्र ती कुणाच्या दारात गेली नाही. मी एकदा आमची देवकी पदराखाली झाकून तिच्याकडे नेली. तिने हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "कंबर चांगली काडलीय," म्हणाली आणि परत माझ्या हातात ठेवली. "मास्तरांच्या आईला जबान दिलीय मी."

काही वर्षांनी सासूबाई वारल्या. त्यानंतर मी तिला पुन्हा एकदा मुंबईला अजबखान्यात घेऊन गेले. आता काचेच्या कपाटांत मातीची नवी माणसं मांडलेली होती. तेली, माळी, सोनार, प्रत्येकजण आपापल्या कामाला बसलेला. सुईणआई एका काचेला नाक लावून फार वेळ उभी राहिली.

"ह्यांचं बरं हाय," ती म्हणाली. "ह्यांना कोन नदीला न्या म्हनत नाय."

मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्या बुडवलेल्या मूर्तींविषयी तिने काढलेला हा एकच शब्द. ती माझा दंड धरून मला बाकाकडे घेऊन गेली. "गप ऱ्हावा वैनी, लोकं बघत्यात," म्हणाली, आणि गाडीच्या वेळेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली.

ती गेली ती साध्या तापाने, तीन दिवसांत. मी तिच्या घरी गेले. घासलेटच्या खोक्यांत सुनेने कांदे भरून ठेवलेले होते. मी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "एखादी तरी मागे ठेवली असेल ना गं तिने?"

"नाय वो. समदी नेली. मीच व्हते की खोकी उचलायला."

तरी मी फळीवर पाहिलं, कणगीमागे हात घालून पाहिलं, तिच्या गाठोड्यातली लुगडी झटकून पाहिली. काही नव्हतं. एखादी मूर्ती लपवून ठेवून तिने आमच्या घराला फसवलं असतं, तर मला आज जरा तरी बरं वाटलं असतं.