कुलूपकाकांची उघडी फाइल

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. ड्रॉवरला कुलूप, कपाटाला कुलूप, आणि चहाला उठले तरी संगणकाला पासवर्ड. बायको म्हणायची, "जीभ तेवढी मोकळी राहिलीये, तिलाही एखादं लावा!"

रुग्णांची मापं नोंदवायचा प्रोग्राम त्यांनी चुकतमाकत शिकून स्वतः बांधला होता आणि पोटच्या पोरासारखा जपला होता. आता तो बाकीच्या सगळ्या कार्यशाळांना कायमचा द्यायचा होता, आणि काका निवृत्त होणार होते. फाइल दोन प्रकारे देता येत होती. उघडी दिली, तर कोणीही आतली रचना बदलू शकलं असतं. बंद करून दिली, तर प्रोग्राम चालला असता, पण आत हात घालायची सोय कोणालाच राहिली नसती. काकांचा कल कुठे होता हे सांगायला ज्योतिषी नको.

चाचणीसाठी मात्र काही कार्यशाळांना उघडीच फाइल पाठवावी लागली होती. परत आलेल्या प्रती त्यांनी एका दुपारी तपासायला घेतल्या. पहिलीत सगळं गुलाबी. दुसरीत तिथल्या साहेबांचं नाव एवढ्या ढब्ब्या अक्षरांत, की मापांची चौकट बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली.

"माकडाच्या हाती कोलीत!" काका कडाडले. बंदच करायची फाइल, ठरलं.

तिसरी प्रत एका लहानशा कार्यशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंची. काकांच्या प्रोग्राममध्ये एका माणसाचं एकच माप राहायचं. नवं भरलं की जुनं पुसलं जायचं. जुन्याचं काय लोणचं घालायचंय? इथे तर पायाच्या मापाचे प्लास्टरचे जुने साचेही नवा पाय झाला की मागच्या अंगणात फोडून टाकत. बाईंनी मात्र रचनाच बदलली होती. एका नावाखाली मापांची रांग होती.

काकांनी कपाळाला आठ्या घालत एक नाव उघडलं. एक मुलगी. पहिलं माप वीतभरही नव्हतं. शेजारी लिहिलं होतं, 'धरून उभी राहते'. खाली जरा मोठं माप, 'आईकडे चालत गेली'. मग 'शाळेत जाते'. मग 'दोरीच्या उड्या मारायच्या म्हणते'. मापं वाढत चालली होती आणि काका एकेक ओळ खाली सरकत होते. त्यांनी बांधलेल्या त्या रुक्ष चौकटींत एक पोर चक्क मोठी होत होती!

त्यांनी लगेच फोन लावला. "बाई, माझ्या प्रोग्रामला हात लावलात तुम्ही?"

"चुकलं का हो काका?" बाई घाबरल्या. "आमच्याकडे लहान मुलंच जास्त येतात. मागची मापं समोर असली की पुढचा पाय कधी लागेल ते कळतं. पाय आखूड होऊन लंगडायची वेळच येत नाही मग."

"पण ही जुनी मापं आणलीत कुठून?"

"साच्यांवरून. आम्ही ते फेकत नाही. कोण केव्हा काय करायला लागलं, तेही त्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवतो. नको असेल तर पुसून टाकते सगळं."

"खबरदार पुसलंत तर!" काका ओरडले. "माझ्या डोक्यात आलं नसतं हो हे सात जन्मांत."

संध्याकाळी बाईंची ती रचना घालून फाइल सगळ्यांना गेली. उघडीच. सोबत एक ओळ होती: तुमच्याकडे जे लागेल ते बदला, आणि मलाही दाखवा.

मग मागच्या अंगणातून ठोक्यांचे आवाज आले आणि काका धावत सुटले. "थांबा, थांबा!" हातोडीखालून त्यांनी एक चिमुकला साचा ओढून घेतला, सदऱ्याने पुसला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. हा पाय कोणाचा, हे तिथे कोणालाच सांगता येईना.