इंग्रजी शब्दांची माणसं

जगातल्या झाडून साऱ्या इंग्रजी शब्दांचे अर्थ आमच्या सुदुंबरे गावात राहतात, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे माझे चुलत सासरे, आबा. तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवायला घेतलं. डिक्शनरीवर मात्र त्यांचा भारी राग. ती एका शब्दाला दुसरा शब्द देते, त्या दुसऱ्याला तरी कोण ओळखतं, असं त्यांचं म्हणणं. शब्दाला माणूस दाखवला की पोर जन्मात विसरत नाही! म्हणून संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर ‘पंक्चुअल’ म्हणजे दूध घालणारी शांतामावशी, ‘बिझी’ म्हणजे दिवसभर पारावर बसणारा तिचा नवरा आणि ‘कन्फ्यूज’ म्हणजे लोणावळ्याला निघून आमच्या गावात शिरलेला गाडीवाला. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ‘पेशन्स’ मिळाला. चांगली मिरवले हो मी! मग कळलं, तो शब्द आधी त्यांच्या म्हाताऱ्या बैलाकडे होता.

घोडं अडलं ते ‘सेल्फिश’पाशी. हा शब्द आबांनी दिला किसनभाऊंना, आपल्या लहानपणापासूनच्या दोस्ताला. दोघांची विहीर सामाईक. एका उन्हाळ्यात भाऊंनी मोटारीची आपली पाळी सोडली नाही, आबांचा कोबी वाळला, आणि लगेच ओट्यावर पोरं तालात ‘सेल्फिश म्हणजे किसनभाऊ’ घोकू लागली. भाऊंनी ते येता-जाता ऐकलं आणि आबांकडे चहाला यायचेच बंद झाले. एकट्यानं चहा पिताना आबांचं तोंड एवढंसं व्हायचं. अर्थ बदला की, मी म्हणायची. “खोटा अर्थ शिकवू व्हय?” म्हणून माझ्यावरच गुरगुरायचे. भाऊंचाही कोबी तेव्हा माना टाकत होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कबूल करतील तर ते आबा कसले! मला तर त्यांचा असा राग यायचा.

मग एका संध्याकाळी एका पोरीनं ‘सॉरी’चा अर्थ विचारला. आबा मनातल्या मनात गावभर हिंडून आले असावेत, पण त्यांना माणूस काही सापडेना. टोपी काढून डोकं खाजवलं. मग ती पुन्हा डोक्यावर चढवली आणि तरातरा निघाले. मागे सगळा वर्ग, वर्गामागे मी. भाऊ अंगणात मिरच्या निवडत होते. आबांनी पोरांना तिथेच रांगेत उभं केलं आणि भाऊंपुढे हात जोडले.

“किसन, पोरांना सॉरी दावायचंय. तुझाबी कोबी वाळत व्हता. मला ठावं व्हतं.”

भाऊंनी हातातल्या मिरच्या सुपात टाकल्या. मग पोरांना म्हणाले, “दिसलं न्हवं? आता पळा घरी. ह्याच्याकडचा चहा लय दिवस ऱ्हायलाय.”

पोरं पळाली. मी पदरानं डोळे पुसत आमच्या घरी चहा टाकायला वळले.

आता भाऊ लेकाकडे, तळेगावला सोसायटीत राहायला गेलेत. ओटा अजून भरतो. परवा कुणीतरी ‘मिस करणं’ म्हणजे काय विचारलं. आबांनी टोपी चढवली. वर्ग लवकर सोडला आणि तळेगावची गाडी धरली.