आत्या बोलत होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या आत्याची वाचा गेली नव्हती. तिला बोलता येत होतं. ती बोलत नाही असं सगळे समजत होते, कारण तसं मी सांगितलं होतं.

आम्ही मूळचे भाईंदरजवळच्या नवघरचे. भातशेती आणि थोडं मिठागर. आई गेली तेव्हा धाकटी बहीण रांगत होती. आत्या लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परत आलेली; तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला ते जमणार नाही. ती फार बोलायची एवढं मात्र सांगायला हवं. चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, वाळत घातलेल्या भातावर चिमण्या आल्या तर त्यांच्या आयाबहिणींची चौकशी करायची. मी शिकलो, मुंबईकडच्या एका कारखान्यात लागलो, पँट घालायला लागलो. तेव्हापासून संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "आला आमचा सायेब. जेवलास का रं?" दिवेलागणीला कोण जेवून येतं? पण विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. माझी बायको रायगडकडची. लग्न होऊन आली आणि तिनं केलेलं पहिलंच कालवण चाखून आत्या म्हणाली, "मिठागरवाल्याच्या घरात आलनी कालवन. लोकं हसतील ना गं." बायको आधी रडली. पुढं माहेरी गेली की हीच गोष्ट ती आत्याचा आवाज काढून सांगायची.

एकोणसत्तर-सत्तर सालच्या सुमारास एका सकाळी आत्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय गेले, तोंड जरा वाकडं झालं. जीभ जड झाली होती, ती हळूहळू सुटली. शब्द चावल्यासारखे यायचे, पण आम्हाला कळायचे. हातपाय काही आले नाहीत. बायकोला तेव्हा दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी जड उचलायला सक्त मनाई केलेली. मी दिवसभर कामावर. शेजारणी सुरुवातीला आल्या, मग त्यांनाही त्यांची घरं होती. बहीण तारोडीला दिलेली. ती जमेल तेव्हा यायची, आत्याला न्हाऊ घालायची, वेणी घालायची आणि परत जायची. तिच्या सासरी आधीच सासू अंथरुणाला खिळलेली, तिथं आत्याला नेणं शक्य नव्हतं.

त्या काळी आमच्यात म्हातारं माणूस घराबाहेर ठेवायचं ही गोष्टच नव्हती. ती पहिल्यांदा बोलून दाखवली बहिणीनं. उत्तनला एक ख्रिस्ती बाई आहे, मुंबईच्या इस्पितळात नर्स होती, आता स्वतःच्या घरातच अशी माणसं सांभाळते. दादा, तिथं ठेवलंस तर मी रोज जाऊन येईन, म्हणाली. तारोडीहून उत्तन चालत जाण्यासारखं. मी म्हटलं, बघून येतो.

कारखान्यात माझं काम तपासणीचं. तयार माल हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, बरा नसेल तर बाजूला काढायचा. जागा बघायची म्हणजे तेच काम, असं मी धरून चाललो. रविवारी एसटीनं उत्तनला गेलो. घराच्या बाजूलाच काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास थेट खाटांपर्यंत. ओसरीवर दोन म्हाताऱ्या लसूण सोलत होत्या आणि भांडत होत्या. आत कुणीतरी चहासाठी हाका मारत होतं, आणि बाई स्वयंपाकघरातून तितक्याच मोठ्यानं, आणते रे बाबा, तुझ्याच बापाचा मळा आहे, असं काहीतरी ओरडत होती. चादरी धुतलेल्या, पण विटलेल्या. खिडकीच्या कठड्यावरून मी बोट फिरवलं, धूळ लागली. मनातल्या मनात माल बाजूला काढला.

बाईनं मला खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. आत्या काय खाते, काय टाकते. कुठल्या कुशीवर झोपते. घरात तिला काय म्हणतात. कशाला घाबरते. रागावली की काय करते. अर्ध्याची उत्तरं मला येत नव्हती. बहिणीला आली असती. मी आपला शाळेत शिकलेल्या मराठीत, तसं सांगता येणार नाही, साधारणपणे शांत स्वभाव आहे, असं काहीबाही सांगत होतो. बाई माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली.

"तुमी नवघरचं ना? मंग असं पुस्तकावानी कशाला बोलताव?"

ती म्हणाली, तुमच्या बापाला ओळखत होते मी, भात घेऊन यायचा इकडे. लसूण सोलणाऱ्या दोघी भांडण थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात माझं ठरलं. इथं आत्याला ठेवलं तर आठवड्याच्या आत उत्तन, तारोडी, नवघर, सगळीकडे होणार की अमक्याच्या पोरानं आत्याला टाकली. 'टाकली' हाच शब्द वापरला असता लोकांनी. मी तो आधीच ऐकत होतो.

बाईनं खाट रिकामी असल्याचं दोनदा सांगितलं होतं. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, वासानं मळमळतं तिथं. बहिणीला निरोप पाठवला, जागा नाही.

मग कारखान्यातल्या साहेबांच्या ओळखीनं मुंबईच्या उपनगरातलं एक नर्सिंग होम बघितलं. एका डॉक्टरांचं, पुढं दवाखाना, मागच्या खोल्यांत अशी कायमची आजारी माणसं. आत गेलो तर फरशी चकचकीत. फिनेलचा वास. चादरी पांढऱ्या, ताणून घातलेल्या. खिडकीवरून बोट फिरवलं, स्वच्छ. न्हाणीघर कोरडं. आयांचे कपडे एकसारखे. आणि शांतता. इतक्या खोल्या, इतकी माणसं, आणि एक आवाज नाही. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

डॉक्टरांनी मोजकंच विचारलं. वय, रक्तदाब, अंथरुणात होतं का. मग म्हणाले, आरडाओरडा करणारे पेशंट आम्ही घेत नाही, बाकीच्यांना त्रास होतो.

"तुमच्या आत्या बोलतात का?"

"नाही," मी म्हणालो. "बोलत नाहीत. समजतं त्यांना."

इतकंच झालं. एक तर मला ती जागा हातची जाऊ द्यायची नव्हती. दुसरं म्हणजे, त्या काचेच्या टेबलापलीकडच्या माणसासमोर आत्या तोंड वाकडं करून 'हाय', 'न्हाय' बोलेल, आला आमचा सायेब म्हणेल, हे मला नको होतं. यातलं कुठलं कारण आधीचं आणि कुठलं नंतरचं, ते आज सांगता येत नाही.

तिला नेलं त्या दिवशी टॅक्सीत ती खिडकीशी बसली होती. मिठागरं मागं पडली तेव्हा मान वळवून बघत राहिली. बरं होईस्तोवर, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं मान डोलावली. तिला खरं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी गेलो. तिचे केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं लुगडं. मी बसताच ती म्हणाली, "हितं कुनी बोलत न्हाय रं. मुकी हायत का सगली?"

मी म्हटलं, इथले लोक कामात असतात. तिनं सांगितलं की जेवण भरवतात ते अळणी असतं. मीठ मागायचं तर कुणाला, कुणी तोंडाकडे बघतच नाही, चमचा पुढं करतात आणि संपलं की जातात. तिनं दोनदा मागून बघितलं होतं. त्यांना ते नुसतं हूं-हूं वाटलं असणार. ही बोलत नाही हे त्यांना माहीतच होतं, मग कान कशाला देतील?

तेवढ्यात आया आत आली. आत्या थांबली. परक्या माणसासमोर ती पहिल्यांदा जरा बावरायची, ही तिची जुनी सवय. आयानं उशी सारखी केली आणि चांगल्या मनानं मला म्हणाली, "बोलती नहीं, पर सब समझती है."

तिथं मला एक वाक्य बोलायचं होतं. बोलते, नीट ऐका, जरा मिठाचं बघा. मी म्हणालो, "हां."

आत्या म्हणजे भाईंदरच्या बाजारात जन्मभर तांदूळ आणि भाजी विकलेली बाई. एवढं हिंदी तिला कळत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मला करता येत नाही, आणि करायचंही नाही. रागावली नाही. आया गेली तरी ती काही बोलली नाही. मी कारखान्यातलं काहीतरी सांगत बसलो, मग वेळ झाली म्हणून उठलो.

त्यानंतर ती बोलली नाही. मी गेलो की बघायची, चमचा पुढं आला की तोंड उघडायची. जेवलास का रं, हे पुन्हा ऐकायला मिळालं नाही. एकदा मी कागदात बांधून मीठ नेलं होतं. ते खिशात तसंच परत आलं, कारण ते द्यायचं तर आयाला काय सांगणार होतो?

बहीण आली ती बऱ्याच दिवसांनी, सासू गेली, तिचं सगळं आवरल्यावर. आत्याच्या उशाशी बसून ती आपल्या बोलीत बोलत राहिली, तारोडीच्या, पोरांच्या गोष्टी. आत्यानं डाव्या हातानं तिचा पदर धरला होता. आत्या तोंड उघडते की काय, म्हणून मी दारात उभा होतो. ती काही बोलली नाही. मला वाचवलं, की बोलण्यात अर्थ नाही असं ठरवलं होतं, की तोवर खरंच राहिलं नव्हतं, हे मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर बहिणीनं विचारलं, "दादा, घरी बोलत होती ना रे? मग आता काय झालं?"

मी म्हटलं, पुन्हा एक झटका आला असावा. डॉक्टर म्हणतात, वाचा जाते अशानं.

आत्या तिथंच गेली. त्या नर्सिंग होमचा यात काही दोष नाही. अंगावर एक जखम नव्हती, चादर शेवटच्या दिवशीही पांढरी होती. जे सांगितलं त्याप्रमाणे त्यांनी सांभाळलं. नवघरला दहाव्याला सगळे म्हणाले, पोरानं काही कमी केलं नाही, मुंबईच्या डॉक्टरकडे ठेवली. मी मान खाली घालून ऐकलं. रडू आलं नव्हतं, आणि तेव्हापासून तसं आलेलंच नाही.

गेल्या महिन्यात कारखान्यातला एक जण सासूसाठी अशी जागा शोधतोय म्हणून माझ्याकडे आला. तुम्हाला अनुभव आहे, काय बघायचं ते सांगा, म्हणाला. मी सांगितलं, न्हाणीघर बघा, चादरी बघा, रात्री कोण असतं ते विचारा. त्यानं आभार मानले. तो जिन्यापर्यंत गेला तेव्हा मी त्याला हाक मारून थांबवलं आणि विचारलं, सासूबाई बोलतात का? तो हसला, बोलतात म्हणजे, थांबतच नाहीत. मग ते सांगा तिथल्या लोकांना, मी म्हटलं. आधी ते सांगा. तो जरा गोंधळून गेला.

त्या संध्याकाळी हे लिहायला घेतलं.

बहीण अजून तारोडीलाच असते. तिच्या नातवंडांना ती आत्याच्या गोष्टी सांगते, आलनी कालवणाची, चिमण्यांची, आणि शेवटी दरवेळी म्हणते की बिचारीची वाचा गेली होती रे. मी समोर बसलेला असतो. उत्तनला खाट रिकामी होती, आणि आत्याला बोलता येत होतं, या दोन गोष्टी मी बहिणीला देणं लागतो. अजून सांगितलेल्या नाहीत.