वरची बाजू

नवीन घरात शिरल्यावर माणसं आधी खिडकीपाशी जातात, नाहीतर स्वयंपाकघरात डोकावतात. ती भिंतीपाशी जायची. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तसा हाताचा पालथा पंजा भिंतीला लावायची आणि घरमालकाकडे न बघताच सांगायची, "ओली आहे. अजून महिनाभर हिच्यावर काही लावायचं नाही."

मालक म्हणायचा, "अहो, पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे."

"मग ती करून घ्या. तिला कुठे वॉलपेपर लागतो?"

असं बोलून इंटिरियर डिझायनरचा धंदा चालतो का? पण तिचा चालायचा. पुण्यात माणसाला दोन शब्द सुनावले की तो तुम्हाला तज्ज्ञ मानायला लागतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

माझं छपाईचं दुकान नारायण पेठेत आहे. वडिलांनी लग्नपत्रिका छापल्या, मी फ्लेक्स छापले. वाढदिवसाचे इतके फ्लेक्स छापले, की या शहरातल्या हसऱ्या चेहऱ्यांवरचा माझा विश्वासच उडाला. शेवटी कंटाळून कागद आणि कापड दोन्हींवर छापणारं मोठं मशीन घेतलं. ते आलं त्याच आठवड्यात ही दुकानात शिरली. आधी भिंतीला हात लावून झाला, मग मशीनला.

"काका, यावर आत्तापर्यंत काय छापलंत?"

"काही नाही."

"बरं झालं. म्हणजे याला अजून वाईट सवयी लागल्या नसतील."

चौदा-पंधरा वर्षं तिने लोकांची घरं सजवली होती. दुसऱ्यांनी काढलेली नक्षी दुसऱ्यांच्या भिंतींवर लावून ती विटली होती. आता तिला स्वतःचं हवं होतं: स्वतःच्या नक्षीचे वॉलपेपर, त्याच नक्षीचं पडद्याचं कापड, आणि वर स्वतःचं नाव. तिच्या पिशवीत एकच चित्र होतं. तुरा आलेला ऊस.

ती मूळची मांजरीची, शेतकऱ्याची मुलगी. घरचा ऊस होता. तुरा आला की घरातली मोठी माणसं काळजीत पडायची, कारण उसाची वाढ थांबते, पुढे तो पोकळ पडतो. पोरांना मात्र सगळं शेत रुपेरी झालेलं दिसायचं. ती त्या पोरांतली होती आणि तशीच राहिली होती. पुढे ती जमीन एका बिल्डरला विकसनाला गेली. जमिनीच्या मोबदल्यात घरच्यांना फ्लॅट मिळणार होते. शेतावर चौदा मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि ही माझ्या दुकानात बसून स्क्रीनवर तुरे मोठे-बारीक करत होती.

रंगासाठी तिने माझा जीव खाल्ला. "हा नाही, काका. हा दुपारचा झाला. मला सकाळचा हवाय."

मी म्हटलं, "वेळ सांगा, मशीनला गजर लावतो."

ती हसली नाही. "साडेसात. डिसेंबर."

सतराव्या नमुन्याला तो रंग सापडला. तिने कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि माझ्याकडे पाठ करून डोळे पुसले. तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचो. मनातून मात्र त्या दिवसापासून ती मला लेकीसारखी वाटायला लागली. पुढचं सांगायचंय, म्हणून हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ती म्हणजे कड. वॉलपेपरच्या रोलला बाजूने बोटभर पट्टी सोडतात, लावताना ती कापून टाकतात. त्या पट्टीवर तिला दर हातभर अंतरावर स्वतःचं नाव हवं होतं आणि नावापुढे एक बाण, त्याखाली 'वर' असा शब्द.

"मॅडम, केरात जाणाऱ्या पट्टीवर नाव कोण छापतं?"

"नाव माझ्यासाठी, बाण कागद लावणाऱ्यासाठी. त्याने ऊस बघितलेला असेलच असं नाही. त्याला निदान वरची बाजू कळू दे."

मला ते फाजील लाड वाटले. पण छापले.

तिने आपला माल लोकांपुढे मांडला तो एका छोट्या सभागृहात. तिन्ही भिंतींवर ऊस, दारांना उसाचे पडदे. ओळखीची माणसं आली, चहा प्यायली, कापड चिमटीत धरून बघून गेली. एक आजोबा म्हणाले, "छान आहे. पण भिंतीला नुसता रंग दिला तर ती पडते का हल्ली?" तिने हात जोडून सांगितलं, "नाही पडत. फक्त कंटाळते." आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदाच हार मानली असावी.

तिचे वडील आले होते. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. सगळे त्यांना आण्णा म्हणत होते. ते भिंतीसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आगं, ह्याला तर तुरा आलाय! आसला ऊस कुनी मिरवतं व्हय? लोक म्हनतील, ह्यांच्यात तोड येळंवर येत न्हाई."

ती पोट धरून हसली. तिला एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

त्याच दिवशी बिल्डरची माणसंही येऊन गेली होती, तिच्याच शेतावर इमारती बांधणारी. त्यांना तो ऊस आवडला. प्रत्येक फ्लॅटमध्ये पलंगामागच्या भिंतीवर हाच कागद लावायचं ठरलं. तोंडीच ठरलं, पण ती दुकानात आली ती जवळजवळ धावतच. "काका, जिथे ऊस होता तिथेच ऊस लागणार. तोही माझा. आण्णांच्या खोलीतसुद्धा." ते एक काम झालं असतं तर तिची नक्षी, तिचं कापड, तिचं नाव, सगळं पायावर उभं राहिलं असतं. नाही झालं तर पुन्हा लोकांच्या घरात लोकांचे कागद. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते वाचायला चष्मा लागत नव्हता.

मग ती इमारत बघायला गेली आणि सवयीप्रमाणे भिंतींना हात लावत सुटली. गिलावा ओला होता. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "दोन महिने थांबावं लागेल."

बिल्डरला पंधरा दिवसांत किल्ल्या द्यायच्या होत्या. ती म्हणाली, "मग कागद नंतर लावू." ते म्हणाले, "नंतर गिऱ्हाइकं घरात असतील." ती म्हणाली, "ओल्या भिंतीवर माझा कागद लागणार नाही." दुसरा कोणी असता तर लावून मोकळा झाला असता आणि फुगे आल्यावर हवेला दोष दिला असता. ही अडून बसली.

आठवड्याने बिल्डरच्या ऑफिसातला एक तरुण माझ्याकडे आला. गॉगल डोक्यावर, बोलणं गोड. "काका, मॅडम फार इमोशनल आहेत. फाइल तुमच्याकडे आहेच ना? डायरेक्ट आम्हाला द्या."

"डिझाइन त्यांचं आहे."

"चिल करा, काका. कलर चेंज केला की डिझाइन चेंज. ग्रे करा, ट्रेंडमध्ये आहे."

मी त्याला हाकलून दिलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी त्याच्यासाठी चहा मागवला. नवं मशीन दुकानात रिकामं बसलं होतं. मी नाही म्हटलं तर तो दुसरीकडून छापून घेईल, ती तरी कुठे व्यवहाराने वागली, ऊस काय कोणाच्या बापाचा असतो, अशी कारणं मी मनात एकावर एक रचली. वाईट काम करणाऱ्याला कारणांची कधी टंचाई पडत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

साडेसातचा डिसेंबर एका दुपारीत करडा झाला. आणि छापायला सुरुवात करण्याआधी मी कड उडवली. तिच्यावर नाव होतं ना! नावाबरोबर बाण गेला. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही. चोराला नाव पुसायची घाई असते, बाकीचं कोण बघतो?

कागद लावायला बिल्डरने कुठलीशी टोळी आणली होती. रोलला धड वर-खाली काही नाही. त्यांनी तिथल्या सुपरवायझरला विचारलं. त्याने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "झुंबर असणार. लोंबतं लावा." पहिल्या फ्लॅटमध्ये तसं लागलं आणि मग चौदाही मजल्यांवर तसंच लागत गेलं. सगळा ऊस खाली डोकं, वर पाय.

तिला कळलं ते आण्णांच्या खोलीतच. किल्ल्या मिळाल्यावर आपले पडदे लावायला ती हौसेने गेली होती.

त्यानंतर ती दुकानात एकदाच आली. भर दुपारी, गिऱ्हाइकं असताना. मी तिला बघितलं आणि उगाचच मशीनची एक बाजू पुसायला लागलो. ती भिंतीपाशी गेली नाही. काउंटरपाशी उभी राहिली. मला वाटलं होतं ओरडेल, वकिलाची भाषा करेल. तशी उत्तरंही मी तयार ठेवली होती.

ती म्हणाली, "काका, निदान बाण तरी ठेवायचा होतात."

एवढंच. मी "अहो मॅडम, बसा तरी" म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरली होती.  

तिने सगळं बंद केलं. आता सुरतेला एका मोठ्या कापड कंपनीत असते म्हणतात. तिथे नक्ष्या काढते आणि नाव कंपनीचं लागतं. मी फोन केले, तिने उचलले नाहीत. उचलले असते तर काय बोललो असतो, देव जाणे.

तिच्या पहिल्या छपाईचे दोन रोल माझ्याकडे राहिले होते. कड असलेले, सकाळच्या रंगाचे. ते विकवेनात आणि टाकवेनात. शेवटी एका रविवारी मी ते घेऊन मांजरीला गेलो. म्हटलं, आण्णांकडे ठेवून यावेत आणि सुटावं. तुम्हाला म्हणून सांगतो, मनात कुठेतरी हेही होतं, की म्हातारा शिव्या देईल आणि माझं ओझं हलकं होईल.

आण्णांनी दार उघडलं. बनियन आणि धोतर, पण टोपी डोक्यावर. मी नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा फुलला. "नारायण पेठंतलं काका! या की. पोरगी लय नाव काढायची तुमचं. म्हनायची, आण्णा, त्या मानसानं सतरा येळा रंग बदलला पर तोंड वाकडं केलं न्हाई."

तिने त्यांना सांगितलं नव्हतं. एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्यांनी मला आतली खोली दाखवायला नेलं. खिडकीला तिचा पडदा होता, त्यावरचा ऊस उभा. समोर पलंगामागे भिंतीवर माझा करडा ऊस लोंबत होता. खालच्या कोपऱ्यात फुगे आले होते. माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. पालथ्या पंजाला भिंत ओली, गार लागली.

"पोरीचाच ऊस हाय," आण्णा म्हणाले. "सगळ्या बिल्डिंगीत लावलाय बघा. आमच्या रानात पुन्हा ऊस आला म्हना की. पर येड्यांनी उलटा लावला. तिला ते बघवत न्हाई. ह्या खोलीत पाय ठेवत न्हाई, आन आता घरीच यायची बंद झाली. दिवाळीलाबी आली न्हाई."

मी म्हटलं, "हे दोन रोल आणलेत. तिचे."

"ऱ्हाऊ द्या कोपऱ्यात. हितं लावायचं म्हटलं तर ह्यो काढाया लागंल, आन ह्योबी तिचाच की. आन मी एक युक्ती काढलीया. या हिकडं." ते पलंगावर भिंतीकडे डोकं करून उताणे झाले. टोपी काढून छातीवर ठेवली आणि मान मागे टाकून वर भिंतीकडे बघायला लागले. "आसं बगितलं की सरळ दिसतोय. पडा, तुम्हीबी पडा हितं."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी चष्मा सांभाळत त्यांच्या शेजारी आडवा झालो आणि मान मागे टाकली. खरोखरच ऊस उभा राहिला. रंग करडा होता, सकाळ कुठेच नव्हती, पण तुरे वर होते आणि पाती तिने काढली तशी एका बाजूला झुकलेली होती. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. ते मी दाबलं, कारण त्याचा मला काही हक्क नव्हता.

"दिसतोय न्हवं सरळ?" आण्णांनी विचारलं.

"दिसतोय."

"मग तिला येवढं सांगा की. म्हनावं, बापाच्या शेजारी येऊन पड, आपला ऊस सरळ दिसतोय. माझं न्हाई ऐकत ती." त्यांनी न बघताच माझा हात थोपटला. "तुमचं ऐकंल."

मी "सांगतो" म्हणालो.